नाव हिमालयाचे, गाव आर्मेनियाचे

निवृत्तीनंतर काही महिने मुलाकडे परदेशी जाऊन राहण्याचा प्रघात आता आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांतही चांगलाच रुळला आहे. त्या रीतीप्रमाणे आम्ही उभयता अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलजवळच्या एका गावी राहून आलो. ऑगस्टचे दिवस होते. सायंकाळी नातीला घेऊन ओढ्याकाठच्या पायवाटेने फिरावयास जात असू. वाटेच्या दोन्ही अंगांस पुरुषभर उंचीची काटेरी जाळी माजलेली होती आणि तिच्यावर काळ्याभोर फळांचे घोस लटकत होते. येणारे-जाणारे खुशाल तोडून खात, आम्हीही खाल्ली. पुढे वळणावर एक पाटी होती. ही झुडपे समूळ उपटण्यासाठी अमुक दिवशी स्वयंसेवकांनी जमावे, असे आवाहन तीवर होते. झुडपाचे नाव ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘हिमालयन ब्लॅकबेरी’.

नातीने विचारले, “आजोबा, म्हणजे ही तुमच्या इंडियातून आली?” मी मोठ्या अभिमानाने उत्तरलो, “हो तर! आपल्या हिमालयातली.” आपल्याकडून गेलेल्या झाडाला हे लोक उपटून टाकतात, याचे जरा वाईटही वाटले.

पुढे वाचनालयातून पुस्तके आणून पाहिली तेव्हा कळले की माझे उत्तर साफ चुकीचे होते. या झुडपाचा हिमालयाशी काडीचाही संबंध नाही. माझी सारी नोकरी महसूल आणि भू-अभिलेखांच्या कामात गेली; कागदावरचे नाव आणि जमिनीवरची वस्तू यांचा मेळ घालणे हाच माझा व्यवसाय होता. तरीही पाटीवरचे नाव वाचले आणि त्यालाच पुरावा समजून बसलो. अशीच चूक नोकरीत असताना माझ्या हातून एकदा घडली होती. तिच्याविषयी शेवटी सांगेन. आधी या काटेरी झुडपांच्या नावांची हकीकत पाहू. ती वाटते त्याहून पुष्कळ जुनी आणि गुंतागुंतीची आहे.

हे झाड कोणते आणि कोणते नव्हे

ब्लॅकबेरी आणि रासबेरी ही दोन्ही ‘रुबस’ या एकाच प्रजातीतील झुडपे. ही प्रजाती गुलाबाच्या कुलात मोडते. सफरचंद, नासपती, आलुबुखार, बदाम आणि स्ट्रॉबेरी हे तिचे भाऊबंद. कुलात अनेक प्रजाती आणि प्रजातीत अनेक जाती, अशी शास्त्रातील उतरंड आहे. जिल्हा, तहसील आणि गाव अशी तिची कल्पना करावी.

आपल्याकडे ब्लॅकबेरीला सरसकट करवंद म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. रंग आणि काटे एवढेच काय ते साम्य. करवंदाचे देठ मोडले की चीक निघतो. ते कण्हेरीच्या कुलातील झाड आहे. दुसरा घोटाळा आपल्या उत्तरेकडचा. कागदी टोपरात लपलेले जे पिवळे, गोल फळ येथे ‘रसभरी’ म्हणून विकले जाते, ते रासबेरी नव्हे. नावांत नादसाम्य आहे खरे. पण ते झाड टोमॅटो-वांग्याच्या कुलातील असून मूळ दक्षिण अमेरिकेतील आहे. त्याला इंग्रजीत ‘केप गूजबेरी’ म्हणतात. तेही ना आफ्रिकेच्या केपचे मूळ रहिवासी, ना गूजबेरीचे नातलग. याच गूजबेरीचे नाव इंग्रजांनी आपल्या आवळ्यालाही लावले. परक्या मुलखात गेलेला माणूस नव्या वस्तूला ओळखीच्या वस्तूचे नाव देतो, ही रीत सार्वत्रिक दिसते.

खुद्द ‘बेरी’ या शब्दाचीही तीच कथा. शास्त्रीय व्याख्येप्रमाणे टोमॅटो, वांगे आणि द्राक्ष ही बेरी, म्हणजे मृदुफळे ठरतात; ब्लॅकबेरी, रासबेरी आणि स्ट्रॉबेरी मात्र ठरत नाहीत. ब्लॅकबेरीचा प्रत्येक मणी हे आठळी असलेले स्वतंत्र छोटे फळ असते. एकाच फुलापासून झालेल्या अशा अनेक मण्यांचा तो समूह असतो, म्हणून त्याला घोसफळ म्हणतात. तुतीचे फळ दिसते हुबेहूब तसेच. परंतु तिचा प्रत्येक मणी निराळ्या फुलापासून बनतो आणि तिचे कुल वड-उंबराचे. ब्लॅकबेरी आणि रासबेरी यांतील भेद तर हातानेच कळतो. रासबेरी तोडली की तिचा मधला दांडा झाडावरच राहतो आणि हाती पोकळ टोपी येते. ब्लॅकबेरीत तो दांडा फळाबरोबर येतो.

ग्रीकांपासून लिनियसपर्यंत

प्राचीन ग्रीक या काटेरी झुडपांना ‘बातोस’ म्हणत. थिओफ्रास्टस आणि डायोस्कोरिडीस यांच्या लिखाणात हा शब्द येतो. त्यावरूनच या झुडपांच्या अभ्यासाला युरोपात आजही ‘बॅटॉलॉजी’ असे स्वतंत्र नाव आहे. एका प्रजातीच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचे नाव मिळावे, यावरूनच तिने विद्वानांना किती छळले असेल, याची कल्पना यावी. रासबेरीला प्राचीनांनी ‘ईडा पर्वताचा बातोस’ म्हटले. तोच पर्वत पुढे ‘रुबस ईडेउस’ या तिच्या शास्त्रीय नावात कायमचा जाऊन बसला. रासबेरी युरोपभर आणि आशियाच्या मोठ्या भागात उगवते. नावात मात्र एकच डोंगर राहिला.

स्वीडनच्या कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये ‘स्पीशीज प्लँटारुम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवर एकेका वनस्पतीचे नाव म्हणजे लॅटिनमधील एक लांबलचक वाक्य असे. लिनियसने प्रत्येकीला दोन शब्दांचे नाव दिले : पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्याकडे ‘गावी असलेल्या अमक्याच्या शेताच्या पूर्वेस, विहिरीच्या अलीकडची जमीन’ असे वर्णन सोडून सर्व्हे नंबर लागू झाला, तशीच ही क्रांती होती. १९०५ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या वनस्पतिशास्त्र परिषदेने वनस्पतींच्या नावांचा आरंभ याच १७५३ च्या ग्रंथापासून धरावा, असे ठरविले.

रुबसविषयी लिनियसला विशेष जिव्हाळा होता. १७३२ मध्ये तरुणपणी त्याने लॅपलंडचा खडतर प्रवास केला, तेव्हा भुकेने आणि थकव्याने गळून गेला असता तेथील ‘रुबस आर्क्टिकुस’च्या गोड फळांनी आपल्याला तरतरी दिली, याची त्याने पुढे कृतज्ञतेने नोंद केली. परंतु युरोपच्या कुंपणाकुंपणांवर माजलेल्या काळ्या बेरींकडे त्याने फारसे खोलात जाऊन पाहिले नाही. त्या साऱ्या त्याने दोन नावांत बसविल्या. त्यांतील ‘रुबस फ्रुटिकोसुस’ हे मुख्य नाव. त्याखाली त्याने जे नमुने जमा केले, त्यांत एकाहून अधिक झुडपांची मिसळ होती, हे पुढे उघडकीस आले. पहिल्याच नोंदीत दोन खातेदारांची सरमिसळ झाली म्हणजे पुढच्या पिढ्यांनी काय भोगावे, हे महसूल खात्यातील माणसाला सांगावयास नको.

एक की अनेक?

एकोणिसाव्या शतकात हा वाद पेटला. जर्मनीत ऑगस्ट व्हाइहे आणि नेस फॉन एझेनबेक या दोघांनी १८२२ ते १८२७ या काळात ‘रुबी गेर्मानिकी’ हा सचित्र ग्रंथ काढला आणि लिनियसच्या एका नावाखालून अनेक जाती वेगळ्या काढून दाखविल्या. पानाची लव, काट्याची वाकण, फांदीवरील ग्रंथी अशा बारीक खुणांवर हा भेद उभा होता. इंग्लंडात केंब्रिजचे प्राध्यापक चार्ल्स बॅबिंग्टन यांनी तीच वाट धरली. १८६९ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या रुबसवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. विल्यम मॉइल रॉजर्स या पाद्र्याने १९०० मध्ये त्यात भर घातली. डॉक्टर, पाद्री, शिक्षक असे कितीतरी हौशी लोक सुट्टीच्या दिवशी कुंपणे धुंडाळीत हिंडत आणि नवी जाती सापडल्याचे जाहीर करीत.

याच्या उलट जॉर्ज बेंथम. भारतातील वनस्पतिसंग्रहांची मांडणी दीर्घकाळ ज्या बेंथम-हुकर पद्धतीने होत आली, तिचे हे एक जनक. त्यांच्या मते हे सारे बारीक भेद निरर्थक असून ब्रिटनच्या काळ्या बेरी मुख्यतः एकच जाती होत. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या मतभेदाचा नेमका उपयोग केला. ज्या प्रजातींत रूपे फार बदलतात, अशा प्रजातींत मिळून बॅबिंग्टन यांनी ब्रिटनमध्ये २५१ जाती मोजल्या, तर बेंथम यांनी ११२. म्हणजे १३९ रूपे संशयास्पद. अशा बहुरूपी प्रजातींची उदाहरणे देताना डार्विन यांनी रुबसचे नाव आवर्जून घेतले. दोन मातब्बर विद्वान एकाच छोट्या देशातील तीच झाडे पाहून इतके भिन्न हिशेब मांडतात, याचा अर्थ जाती आणि पोटभेद यांमधील रेषा निसर्गात स्वच्छ आखलेली नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

या गोंधळात जगभरच्या रुबसची पद्धतशीर मांडणी करण्याचे काम केले ते ब्रेमेन शहरातील विल्हेल्म ओल्बर्स फोके या डॉक्टराने. १९१० ते १९१४ या काळात त्याने ‘स्पीशीज रुबोरुम’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून साऱ्या प्रजातीचे बारा उपप्रजातींत विभाजन केले. पुढे डी.एन.ए.च्या अभ्यासाने त्यांतील अनेक विभाग नैसर्गिक नात्यांना धरून नाहीत असे दाखविले. तरी काम करताना हाताशी धरावयास आजही फोकेचीच चौकट उपयोगी पडते. हे फोकेचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. आपल्या ‘हिमालयन’ पाहुणीची खरी नोंद त्याच्याच दप्तरात आहे.

वादाचे मूळ सापडले

बॅबिंग्टन आणि बेंथम यांपैकी बरोबर कोण? याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले, आणि ते अनपेक्षित होते. बहुतेक युरोपीय काळ्या बेरी बहुतांशी लैंगिक मीलनाविना बी धरतात. फुलाला परागांची गरज असते. पण ती बीमधील अन्नसाठा तयार होण्यापुरती. बीमधील गर्भात पित्याचा वाटा नसतो. तो केवळ आईची प्रतिकृती असतो. स्वीडनमध्ये बेंग्ट लिडफोर्स यांनी शतकाच्या आरंभी केलेले संकराचे प्रयोग आणि ऑके गुस्टाफसन यांचा १९४३ चा प्रबंध यांतून हे चित्र स्पष्ट झाले. वाटाण्यांवरील प्रयोगांनी आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने नंतर हायरॅसियम ही दुसरी प्रजाती घेतली, तेव्हा तीही अशीच वागली आणि तो चक्रावून गेला. त्याच्या अडचणीचे मूळही हेच होते.

याचा परिणाम असा होतो. क्वचित केव्हातरी दोन झुडपांचा खरा संकर होतो आणि नवे रूप जन्मास येते. ते रूप पुढे शेकडो वर्षे, कोसच्या कोस, जसेच्या तसे उतरत राहते. म्हणून बारीक खुणा पाहणाऱ्या बॅबिंग्टनना दिसलेले भेद खरे होते, ते वंशपरंपरेने टिकणारे होते. पण सर्वसाधारणपणे ‘जाती’ म्हणजे परस्परांत प्रजा होणारा समूह, असे आपण मानतो. त्या अर्थी या जाती नव्हेतच, म्हणून बेंथम यांचा संशयही खरा होता. ब्रिटनमध्ये आज अशी तीनशेंहून अधिक सूक्ष्म रूपे नावानिशी नोंदलेली आहेत आणि त्या काळ्या बेरींत ‘रुबस उल्मिफोलियुस’ ही एकटीच काय ती रीतसर लैंगिक पद्धतीने प्रजा वाढविते. व्यवहारात मात्र सगळ्यांना मिळून ‘रुबस फ्रुटिकोसुस समूह’ असे म्हणून काम भागविले जाते. मोजणीदार दोघेही प्रामाणिक होते. जमिनीचा धारणाप्रकारच निराळा आहे, हे कोणाला ठाऊक नव्हते.

आपल्याकडची रुबस

या साऱ्या युरोपीय वादात भारत कोठे आहे? हिमालयात आणि सह्याद्रीत रुबसच्या स्वतःच्या जाती आहेत. नैनिताल-अल्मोड्याकडे उन्हाळ्यात गेलेल्या वाचकांनी रस्त्याच्या कडेला मुले पानांच्या द्रोणात सोनेरी, मणीदार फळे विकताना पाहिली असतील. हे हिसालू. कुमाऊंचे जुने कवी गुमानी पंत यांनी या फळावर पद्यरचना केली आहे. शास्त्रीय नाव ‘रुबस एलिप्टिकुस’. ते इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी १८१५ मध्ये दिले. दुसरे काळ्या फळाचे, त्याला तिकडे ‘काला हिसालू’ म्हणतात. ते हिमालयात आहे, आणि दक्षिणेच्या डोंगरांतही आहे. महाबळेश्वराकडील रानटी रुबसला मराठीत ‘गौरीफळ’ हे गोड नाव आहे.

या काळ्या हिसालूच्या शास्त्रीय नावाची कथा ऐकण्यासारखी आहे. लिनियसचा शिष्य थुनबर्ग याने १८१३ मध्ये जावा बेटावरील नमुन्यावरून त्याला ‘रुबस निवेउस’ म्हटले. ‘निवेउस’ म्हणजे हिमधवल. पानाची पाठ पांढरी असते, म्हणून. दोनच वर्षांनी स्मिथ यांनी त्याच झाडाला ‘लासिओकार्पुस’, म्हणजे लवदार फळाचे, असे नाव दिले. कलकत्त्याच्या बागेचे अधीक्षक रॉक्सबर्ग यांच्या, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते तिसऱ्याच नावाने आले. आणि त्यांच्यामागून त्या बागेची धुरा वाहणाऱ्या वॉलिच यांनी हिमालयातील दुसऱ्याच एका झुडपाला ‘निवेउस’ हे नाव देऊन टाकले! एका झाडाला तीन नावे आणि एका नावाची दोन झाडे. जुन्या ग्रंथात ‘रुबस निवेउस’ असे वाचले तर ते कोणते झाड, हे ग्रंथकर्ता कोण यावर अवलंबून. हा गुंता सुटला तो अग्रक्रमाच्या नियमाने : ज्याने नियमाला धरून प्रथम नाव प्रसिद्ध केले, त्याचे नाव खरे. म्हणून आज थुनबर्गचे ‘निवेउस’ काळ्या हिसालूला राहिले आणि वॉलिचचे रद्द झाले.

कुमाऊंमधील एखाद्या म्हाताऱ्या बाईला या वादातील काहीच ठाऊक नव्हते. पण कोणता पिवळा आणि कोणता काळा, हे तिला कधी चुकले नाही. मात्र तिची नावे डोंगर ओलांडला की संपत. हिमाचलात त्याच पिवळ्या फळाला ‘आखे’ म्हणतात. लोकांचे नाव अचूक असते, पण त्याचा मुलूख लहान असतो. शास्त्राचे नाव जगभर चालते, पण ते एकदा चुकले की चूकही जगभर चालते.

हिमालय आला कोठून?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे ल्यूथर बरबँक नावाचा प्रख्यात रोपकर्मी होता. नवनवी फळे आणि फुले निपजविण्यात त्याचा हातखंडा. त्याने देशोदेशींहून बी मागविले; त्यांत भारतातून आलेले ब्लॅकबेरीचे एक बी होते. त्यापासून जोमदार वाढणारे, भरघोस फळ देणारे झुडूप निघाले. बरबँकने ते १८८५ मध्ये ‘हिमालया जायंट’ या नावाने बाजारात आणले. बी भारतातून आले, म्हणून झाड हिमालयाचे! पुडके जेथून टपालात पडले, ते त्याचे जन्मगाव ठरले.

वास्तविक हे झुडूप हिमालयात निसर्गतः उगवत नाही. आर्मेनिया आणि उत्तर इराण हा त्याचा मूळ प्रदेश मानतात. आपल्या ओळखीच्या फोकेने बरबँकच्या आधी अकरा वर्षे, १८७४ मध्येच, त्याचे वर्णन ‘रुबस आर्मेनियाकुस’ या नावाने ब्रेमेनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले होते. परंतु अमेरिकेत ते कोणी ओळखले नाही. तेथील ग्रंथांत हे झुडूप अनेक दशके कधी ‘रुबस प्रोसेरुस’ तर कधी ‘रुबस डिस्कलर’ या, वस्तुतः इतर झुडपांच्या, नावांनी वावरत राहिले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासकांनी जुने दप्तर तपासून फोकेच्या नावाचा हक्क मान्य केला. तोवर बागेतून निसटलेले हे झुडूप कॅलिफोर्नियापासून ब्रिटिश कोलंबियापर्यंत ओढे, रेल्वेमार्ग आणि पडीक जमिनी व्यापून बसले होते.

यातला दैवदुर्विलास पाहा. जे खरोखर हिमालयाचे, ते पिवळे हिसालू हवाई बेटांवर जाऊन इतके माजले की जगातील शंभर अतिउपद्रवी परकीय जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. म्हणजे नातीला दिलेले माझे उत्तर चुकीच्या बेटाऐवजी चुकीच्या किनाऱ्यावर दिले गेले, एवढेच!

नावाने काय बिघडते?

एखादा विचारील, फळ गोड आहे ना, मग नावाची एवढी उठाठेव कशाला? याचे उत्तर ऑस्ट्रेलियाने दिले आहे. युरोपातून नेलेल्या काळ्या बेरींनी तेथील कुरणे आणि नदीकाठ गिळून टाकले. त्यांना आवर घालण्यासाठी युरोपातील तांबेरा रोगाची बुरशी आणण्याचा विचार पुढे आला. १९८४ च्या सुमारास कोणीतरी ती बेकायदा आणून सोडली. १९९० च्या दशकारंभी शासनाने निवडलेला वाण अधिकृतपणे सोडण्यात आला. काही ठिकाणी झुडपे वाळली, काही ठिकाणी शेजारचीच झुडपे तशीच हिरवीगार उभी राहिली. कारण ‘रुबस फ्रुटिकोसुस’ या एका नावाखाली तेथे अनेक निरनिराळी सूक्ष्म रूपे होती, आणि बुरशीच्या त्या वाणाला त्यांतील सगळी सारखी मानवत नव्हती. डी.एन.ए. तपासणी करून कोणते रूप कोठे आहे, हे नव्याने ठरवावे लागले. सर्वाधिक पसरलेले झुडूप ‘रुबस अँग्लोकांदिकान्स’ निघाले. तोवर तेही इतर नावांखालीच दडलेले होते. त्यानंतर बुरशीचे आणखी वाण निवडून सोडण्यात आले. कुंपणे धुंडाळणाऱ्या ज्या हौशी मंडळींची पुष्कळांनी थट्टा केली, त्यांच्याच बारकाव्यांचा शेवटी शेतकऱ्याला उपयोग झाला.

मग ‘हिमालयन’ हे चुकीचे नाव बदलावे काय? शास्त्रीय नाव तर दुरुस्त झालेच आहे. पण शास्त्रीय नावांच्या नियमावलीतही एक शहाणपण आहे. १८६७ मध्ये पॅरिसच्या परिषदेत आल्फोन्स द कांदोल यांनी मांडलेल्या नियमांपासून ही नियमावली वाढत आली. तिचे म्हणणे असे की नाव हे वस्तूचे गुण किंवा इतिहास सांगण्यासाठी नसते. ते तिचा उल्लेख करता यावा यासाठी असते. म्हणूनच केवळ अर्थ जुळत नाही एवढ्या कारणाने नाव रद्द होत नाही. भूमध्य सागराच्या परिसरातील एका कंदवर्गीय फुलझाडाला लिनियसने ‘पेरूविआना’ म्हटले. ते पेरू देशात उगवत नाही, तरी नाव कायम आहे. नाव ही नोंद आहे, मूळचा दाखला नव्हे.

हे तत्त्व मला आयुष्यात उशिरा कळले. माझ्या नोकरीच्या मध्यावर एका तहसिलीत नामांतरणाचे एक प्रकरण माझ्यापुढे आले. एका वृद्ध मराठी गृहस्थांनी विहिरीलगतच्या लहानशा बागेवर वारसा सांगितला होता. जुन्या नोंदीत धारकाचे नाव ‘बापू दक्षिणी’ असे होते, आणि अर्जदारांचे आडनाव कोकणातील एका गावावरून पडलेले. नाव जुळत नाही, एवढ्यावर मी अर्ज फेटाळला. अपिलात माझा निर्णय फिरला. शेजारच्या नोंदी तपासताना दिसून आले की त्या काळच्या लेखकाने गावातील प्रत्येक मराठी माणसापुढे ‘दक्षिणी’ हेच लिहून ठेवले होते. बरबँकने बियाच्या पुडक्यावरून ‘हिमालय’ लिहिले, तसेच. मी स्वतः त्याच ‘दक्षिणी’ लोकांतला. माझ्या आजोबांना शहरात याच नावाने ओळखत. तरी मला ते सुचले नाही. निकाल लागला तेव्हा अर्जदार हयात नव्हते. त्यांच्या मुलाने माझ्याविषयी अवाक्षर काढले नाही, ते मला अधिक लागले.

मागच्या महिन्यात नातीला दूरध्वनीवर चूक कबूल केली. ती झाडे आर्मेनियाकडची, आपल्याकडची नव्हेत, असे सांगितले. तिने विचारले, “मग त्या पाटीवरचं नाव खोडायचं का?” मी म्हटले, “राहू दे. लोक त्याला त्याच नावाने ओळखतात. पण कोणी विचारलं तर खरं काय ते सांग.” त्यावर तिने आपल्या आडनावाचे गाव कोठे आहे, असे विचारले. रत्नागिरी जिल्ह्यात आहे, एवढे मला सांगता आले. त्या गावी मी कधी गेलेलो नाही. माझे वडीलही गेले नव्हते.

मंडळाच्या सभासदांस एक विनंती करून हा लेख संपवितो. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना रानफळांची, भाज्यांची, झुडपांची जी मराठी नावे ठाऊक असतील, ती लिहून ठेवावीत. नुसते नाव लिहू नये. त्या झाडाचे एक पान, फूल वा फळ वाळवून कागदावर चिकटवावे, आणि कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात, कोणी सांगितले, हे खाली नोंदवावे. थुनबर्ग आणि वॉलिच यांचा घोटाळा सुटू शकला, कारण नावाजवळ वाळलेली फांदी जपून ठेवलेली होती.